गट नंबर तीनशे सतरा

अर्ज अतितातडीचा.
फी भरल्याची पावती खिशात घामानं मऊ पडलेली,
आदगोंडा चौगुले, वय एकाहत्तर,
माझ्या आधी बांधावर हजर.
"साध्या मोजणीला सा म्हैनं लागत्यात," म्हणाले,
"तवर काय ती थांबती व्हय?"

ती म्हणजे पंचगंगा.
खाली मान घालून चाललेली, मार्चातली, गुडघाभर.
हिनं काही केलं असेल
असं वाटूही नये.

कोल्हापूरला समुद्र नाही.
आहे तो घाटापलीकडे, पाखराच्या दमात गाठता येईल इतका,
पण इथलं पाणी त्याच्याकडे पाठ करून
पूर्वेला निघतं, सगळा देश ओलांडून
भलत्याच समुद्राला जाऊन मिळतं.
म्हणून आमच्याकडे किनारा म्हणत नाहीत.
काठ म्हणतात.
काठ भांड्यालाही असतो.

चार दगडांपैकी तीन सापडले.
एक उसात, एक शेणकुटाच्या ढिगाखाली,
एकावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं.
चौथा?
म्हाताऱ्यानं हात लांब केला,
"त्यो भवरा फिरतोय न्हवं, तितं."
यंत्रानंही तेच सांगितलं.
पडद्यावरचा ठिपका
पाण्यात अकरा मीटर.

सातबाऱ्यावर एक हेक्टर वीस आर.
पायाखाली एकोणऐंशी.
उरलेल्या एक्केचाळीसचा शेतसारा
ते दर साली भरतात,
खंड न पाडता, जसं लांब गेलेल्या पोराला
दिवाळीचा डबा.

मी विचारलं, पूर चढताना तुटतो का काठ?
"न्हाई. चढताना पानीच टेकू देतंय.
उतारलं की पडतंय.
आठ दिस ऊन पडल्यावर, रातचं,
बैल बसल्यागत आवाज येतोय."
काठावरच्या काळ्या मातीत
बोटभर रुंद भेग होती.
आम्ही दोघंही तिच्या अलीकडे उभे होतो
हे मला नंतर कळलं,
त्यांना आधीपासून.

दस्तगीरनं होडीतून पल्याड नेलं.
तिकडे नदीनं आणून टाकलेला मळा,
कुठल्याच शीटवर नसलेला,
त्यात वांगी, काटेरी देठाची, जांभळी, चकाकणारी.
काशव्वा पाटी टाकून धावत आली:
"मोजू नगा हो सायेब!
मोजलं की सरकार ध्यान देतंय."
म्हाताऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.
तीस वर्षं याच पाण्याच्या दोन बाजूंना
दोघांनी धुणी पाहिली होती, सरणं पाहिली होती.

आदगोंडा उकिडवे बसले.
चिमूटभर माती उचलली, चोळली, हुंगली,
जिभेच्या टोकाला लावली.
मला वाटलं, आता हे रडतील.
थुंकले.
"ही माजी न्हवं.
वरच्या अंगाची कुनाची तरी हाय.
रेवाड.
माजी गेली असंल कवाच, कर्नाटकात."
आणि हात झाडून उठले,
जणू पाहुण्याच्या लग्नात भलत्याच मांडवात शिरलो होतो.

काशव्वानं मग सुटकेनं
दोघांच्या पदरात वांगी घातली. माझ्या पदरात म्हणजे
नकाशाच्या गुंडाळीत.

परतल्यावर त्यांनी चौथा दगड दाखवला.
वडाराकडून घडवून आणलेला, नवा, टाकीचे घाव अजून पांढरे.
मी काठापासून जागा आखून दिली,
चुन्यानं फुली मारली.
त्यांनी दगड उचलून छातीशी धरला,
फुलीवर आले,
थांबले नाहीत.
आणखी बारा पावलं आत, उसाच्या सरीपर्यंत,
मोठ्यानं मोजत.

मी म्हटलं, काका, हद्द इथं नाही.
"म्हाईत हाय," दगडाला माती लोटत ते म्हणाले,
"ही तिची उचल."

माझ्या नकाशात
ती बारा पावलं नाहीत.